लाल बल्ब

पिल्लांच्या शेडमध्ये वाकून शिरलं की आधी तोच दिसतो. पत्र्याच्या छत्रीखाली साखळीला टांगलेला, तुसाच्या गादीपासून दीडेक फुटावर, तोंड जमिनीकडे. कागदोपत्री तो २५० वॅटचा इन्फ्रारेड दिवा. पोल्ट्रीवाल्यांच्या तोंडी नुसता ‘लाल बल्ब’. त्याच्या हद्दीत पिवळी पिल्लं गुलाबी होतात, सोनेरी तूस तांबूस होतं आणि पाण्याचं भांडं सरकवायला आत घातलेला हात कोपरापर्यंत लाल होतो. मला त्याच्याबद्दल फार आदर आहे. त्याच्यावर टाकलेलं काम त्याच्या ताकदीबाहेरचं आहे, आणि त्यातलं निम्मं तरी तो चोख बजावतो.

काम आईचं आहे. अंडी उबवणाऱ्या मशीनमध्ये २१ दिवस काढून बाहेर पडलेलं पिल्लू आईविनाच जगात येतं. पोटात उरलेल्या बलकावर ते दोन-अडीच दिवस काही न खाता तग धरतं. म्हणून तर एका दिवसाची पिल्लं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पेट्यांतून गावोगाव जाऊ शकतात. पण अंगातली ऊब त्याला स्वतःला राखता येत नाही. जन्मतः असलेली लव थंडी अडवायला पुरत नाही आणि खरी पिसं यायला काही आठवडे जातात. तोवर ऊब बाहेरून पुरवावी लागते. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी.

मुंबईच्या उपनगरांत या बल्बचं हक्काचं घर म्हणजे गोरेगाव पूर्वेची आरे कॉलनी. आरे म्हटलं की लोकांना दूध, तबेले आणि अलीकडे मेट्रोची कारशेड आठवते. तिथेच केंद्र सरकारची कुक्कुट विकास संघटना आहे, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. देशात अशा चार संस्था: चंदीगड, भुवनेश्वर, बंगळूरजवळचं हेस्सरघट्टा आणि आपली आरेतली. पिल्लं न्यायला आणि ती वाढवायची कशी हे शिकायला शेतकरी इथे येतात. शिकण्यातला पहिला धडा ब्रूडिंगचा, म्हणजे आईविना पिल्लांना ऊब देऊन वाढवण्याचा, आणि ब्रूडिंगचा धडा या बल्बपाशी सुरू होतो.

त्याची ऊब बरोबर आहे की नाही, हे थर्मामीटरपेक्षा पिल्लं जास्त खरं सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून गर्दी केली की त्यांना गारठा लागतोय. चोची उघड्या टाकून, धापा टाकत कडेच्या पत्र्याला चिकटली की बल्ब फार खाली आलाय. सगळी एकाच बाजूला दाटली की कुठून तरी वारा शिरतोय. आणि रांगोळीचे ठिपके काढावेत तशी सगळीकडे सारखी पसरली, हळू आवाजात चिवचिवत राहिली, म्हणजे सगळं ठीक. भोवती दीड फूट उंचीच्या पत्र्याचं गोल रिंगण लावतात, त्याला चिक गार्ड म्हणतात. ते गोलच हवं. कोपरा मिळाला की पिल्लं त्यात ढीग करतात आणि तळाची गुदमरतात.

लाल काचही त्याला उगाच दिलेली नाही. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी आपल्या डोळ्यांत तीन तऱ्हेच्या असतात, कोंबडीच्या डोळ्यांत चार. रक्ताचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपकाही तिच्या नजरेतून सुटत नाही. एका पिल्लाच्या पंखाच्या मुळाशी तो दिसला की दुसरं येऊन टोचतं, त्याचं पाहून तिसरं, आणि टोचलेल्या जागी आणखी रक्त येतं. हे चक्र एकदा सुरू झालं की एखाद्या पिल्लाचा जीव जाईपर्यंत थांबत नाही. पण सगळंच लाल दिसत असेल, तर रक्त वेगळं उठून दिसत नाही. अमेरिकेत तर कोंबड्यांना चष्मे घालण्यापर्यंत मजल गेली होती. टेनेसी राज्यातल्या अँड्र्यू जॅक्सन ज्युनियर यांनी १९०३ साली कोंबडीचे डोळे टोचण्यापासून जपणाऱ्या चष्म्याचं पेटंट घेतलं, आणि पुढे रक्त दिसू नये म्हणून लाल भिंगांचे चष्मेही निघाले. त्यापेक्षा आपला बल्ब बरा. कुणाच्या नाकाला न डसता तो तेच काम करतो.

आरेच्या बाहेर उपनगरात हा बल्ब सहसा दिसत नाही. पिल्लं मात्र दिसतात, हिरवी, गुलाबी, निळी. अंड्यांच्या जातीतले हे नर. ते अंडी देणार नाहीत आणि मांसालाही लवकर भरणार नाहीत, म्हणून हॅचरीला नकोसे असतात. त्यांना रंगवून जाळी लावलेल्या पाटीतून रस्त्यावर विकतात. सुट्टीत मुलं हट्ट धरतात, आईवडील घेऊन देतात, आणि पिल्लं मिक्सरच्या नाहीतर टीव्हीच्या खोक्यात राहायला येतात.

घाटकोपरच्या एका चाळीत असं एक खोकं मी अगदी जवळून पाहिलं. वर वायरला लोंबकळणारा पांढरा एलईडी, खाली गुळगुळीत वर्तमानपत्र, वाटीत तांदळाची कणी. एक हिरवं पिल्लू निजायला बघत होतं. त्याचा एक पाय मागे पसरला होता आणि बोटाचं फिकट, चकचकीत नख कागदावर उठून दिसत होतं, कणीच्या दाण्याएवढं. गुलाबी पिल्लू आलं. त्यानं मान तिरकी केली, एका डोळ्यानं त्या नखाकडे निरखून पाहिलं आणि टोचलं. त्यात राग कसला तो नव्हता. दाणा दिसला, टोचला. हिरवं चिरकलं, पाय ओढून घेतला, पुन्हा डोळे मिटले. गुलाबीनं पुन्हा टोचलं. बोटाच्या कडेला रक्त आलं, आणि मग खोक्यातली बाकीची पिल्लंही तिकडे वळली.

घरातल्या आजी म्हणाल्या, “बघा ना, केवढीशी आहेत, पण जात किती दुष्ट!”

आजींचं म्हणणं मला पटलं नाही. ती जात दुष्ट नाही. त्या खोक्यात एकही गोष्ट पिल्लांच्या बाजूची नव्हती. जुन्या साठ वॅटच्या पिवळ्या बल्बमध्ये विजेचा बहुतेक भाग उष्णता होऊन बाहेर पडायचा. एलईडी वीज वाचवतो तो नेमकी ही उष्णता टाळून. म्हणजे पिल्लांना लख्ख उजेड मिळत होता आणि ऊब जवळपास शून्य. गारठ्यानं ती एकमेकांना खेटत होती, आणि खेटल्यावर समोरच्याचं नख, डोळा, पंखाचं टोक सगळं स्पष्ट दिसत होतं. खाण्यात नुसती कणी. पिल्लांच्या स्टार्टर खाद्यात २० टक्क्यांच्या वर प्रथिनं असतात. कणीत त्याच्या निम्मीही नाहीत, आणि मीठ तर नावालाही नाही. प्रथिनं किंवा मीठ कमी पडलं की कोंबड्यांमध्ये टोचाटोची वाढते, हे पोल्ट्रीवाल्यांना चांगलं ठाऊक असतं. आणि उकरायला काय, तर वर्तमानपत्र.

आम्ही आधी हिरव्याला वेगळं केलं. जखम झालेलं पिल्लू कळपात ठेवून बरं होत नाही. केमिस्टकडून जेन्शन व्हायोलेट आणून बोटाला लावलं. औषध तर ते आहेच, शिवाय त्याच्या जांभळ्या रंगाखाली रक्ताचा लाल रंग झाकला जातो. मग वर्तमानपत्र काढून भुसा पसरला, वर पहिल्या दिवसांपुरता खरखरीत पुठ्ठा, म्हणजे पाय घसरत नाहीत आणि भुसा पोटात जात नाही. शेवटी बल्ब. लाल बल्ब मिळवायला दुकानं पालथी घालावी लागली. तो त्या चाळीत पहिल्यांदा पेटला तेव्हा आजूबाजूच्या घरांतली मुलं दाराशी जमली होती. तासाभरात पिल्लं पसरली. बरीचशी निजलीही.

चोच म्हणजे पिल्लाचा हात. ऊन-गार, मऊ-टणक, खाण्याचं-न खाण्याचं, सगळं ते चोचीनं तपासतं. रानात त्याचा दिवस जमीन टोचण्यात आणि उकरण्यात जातो. हॅरी ब्लोकहाउस या डच संशोधकानं १९८६ साली हेच मांडलं, की पिसं टोचणं म्हणजे जागा चुकलेलं जमीन टोचणं आहे. टोचायला जमीन मिळाली नाही की चोच शेजाऱ्याच्या पिसांकडे वळते. थोरलेपणासाठी होणारी भांडणं वेगळी. त्यावर नॉर्वेच्या शेल्डरूप-एब्बे यांनी शंभर वर्षांपूर्वी लिहिलं: कोंबड्यांत कोण कुणाला टोचणार याची उतरंड ठरलेली असते. पण ते टोचणं समोरासमोर, डोक्यावर असतं आणि एकदा मान ठरला की निवतं. पिसं उपटणारं पिल्लू मागून येतं, शांतपणे, शेपटीशी नाहीतर पंखाच्या मुळाशी. त्याला भांडायचं नसतं, त्याला काम हवं असतं.

आणि इथेच बल्बचं निम्मं राहिलेलं काम समोर येतं.

आरेतच, कुक्कुट विकासाच्या शेडपासून फार लांब नाही, वारली, कोकणा, मल्हार कोळ्यांचे पाडे आहेत. अंगणात गावरान कोंबड्या असतात. पिल्लांची आई झालेली कोंबडी तिथे पाहावी. पाच-सात पिल्लं घेऊन ती कुंपणाच्या कडेनं चालते, पालापाचोळा उकरते, एक दाणा उचलते, खाली टाकते, पुन्हा उचलते, आणि सगळा वेळ घशातून कुक-कुक-कुक. पिल्लं धावत येऊन तोच दाणा टिपतात. काय टोचायचं, याची ही शिकवणी. ब्रिस्टल विद्यापीठाच्या क्रिस्टीन निकोल आणि स्टुअर्ट पोप यांनी १९९६ साली दाखवून दिलं की पिल्लं चुकीचं खाताहेत असं दिसलं की कोंबडी ही शिकवणी जास्त जोरात करते. मला हे वाचून विलक्षण आनंद झाला होता. आपण जिला बिनडोक म्हणत आलो, ती पिल्लाची चूक ओळखते आणि सुधारते.

बल्बला हे जमत नाही. तो ऊब देतो, आणि दाणा कुठला नि बोट कुठलं हे पिल्लांवर सोडून देतो. म्हणून पहिल्या दिवशी ते काम माणसानं करायचं असतं. कागदावर भरड मका पसरायचा आणि बोटाच्या टोकानं टक्‌टक्‌ वाजवायचं. एक पिल्लू येतं, बोटाजवळचा दाणा टिपतं, मग बाकीची. मुलांना हे काम द्यावं. ती तहानभूक विसरून करतात. दोन-तीन पिल्लांची चोच पाण्यात बुडवून दाखवली की पाण्याचाही पत्ता सगळ्यांना लागतो. हे नीट झालं तर पहिल्या आठवड्यातली पायांची टोचाटोची बहुतेक होतच नाही.

बल्बची दुसरी उणीव यापेक्षा खोल आहे, आणि ती भरून काढणं अवघड. आईच्या पोटाखाली ऊब असते तिथे अंधार असतो. दमलेलं पिल्लू आईच्या पंखात शिरलं की इतरांच्या नजरेआड जातं. हुंदडणारी बाहेर, निजलेली आत. बल्ब मात्र ऊब आणि उजेड एकत्रच देतो. ऊब जिथे जास्त, तिथेच उजेडही जास्त, आणि तिथेच निजलेलं पिल्लू सगळ्यांच्या समोर. जागं पिल्लू निजलेल्याला टोचतं, आणि निजलेल्याला पळता येत नाही. घाटकोपरच्या खोक्यात हिरव्याचं तेच झालं होतं. डेन्मार्कमध्ये २००६ साली आणि ब्रिस्टलला निकोल यांच्याच चमूनं २०१२ साली यावर अभ्यास केले. पिल्लांना झाकलेली, काळोखी, उबदार जागा दिली तर पिसं टोचणं कमी होतं, आणि वाढल्यावरही त्याचा गुण राहतो. उजेड न देणारा हीटर, वर आडवं छत, कडेला पट्ट्यांचा पडदा. डालग्याखाली पिल्लांसकट कोंबडी झाकणाऱ्या आपल्या आज्यांना यात नवल वाटलं नसतं.

लाल बल्बच्या बाजूनं एवढं म्हणता येईल, की पांढऱ्यापेक्षा त्याचा उजेड मंद आणि नजरेला सौम्य आहे. सुरुवातीचे दोन-तीन दिवस दाणा-पाणी दिसायला जोडीला पांढरा उजेड हवाच. नंतर तो दिवसापुरता ठेवून रात्री नुसता लाल. बल्बच्या उबेच्या कडेला, आच लागणार नाही इतक्या अंतरावर, एखादी उलटी टोपली किंवा पुठ्ठ्याची आडोशाची खोली ठेवली तर दमलेली पिल्लं तिथे जाऊन निजतात. बल्बवर कापड मात्र कधीही टाकू नये. अडीचशे वॅटची काच, कोरडा भुसा आणि पुठ्ठा यांना पेट घ्यायला वेळ लागत नाही. वायरच्या भरवशावर तो टांगू नये. साखळी हवी, आणि खाली जाळी.

लाल रंग पिल्लांपासून रक्त लपवतो, तसं आपल्यापासूनही लपवतो. यानं फसलेले पोल्ट्रीवाले मी पाहिले आहेत. लाल उजेडात सगळी पिल्लं धडधाकट आणि गुलाबी दिसतात. शेपटीच्या मुळाशी सोललेली जागा दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रक्ती हगवण सुरू झाली तर विष्ठेतलं रक्तही दिसत नाही, आणि त्या रोगात गेलेला एक दिवसही महाग पडतो. म्हणून दिवसातून दोनदा पांढऱ्या उजेडात पाहणी करायची. पिल्लू हातात घ्यायचं, उलटं करायचं, शेपटीखाली, पंखाच्या मुळाशी, बोटांत बघायचं. मागच्या बाजूला विष्ठा चिकटून वाळली असेल तर कोमट पाण्यानं भिजवून काढायची, कारण तो गोळाही इतरांच्या चोची ओढून घेतो. नवी पिसं फुटताना त्यांच्या नळ्यांत रक्त असतं. त्या आठवड्यांत जास्त जपायचं.

बल्बला एक प्रतिस्पर्धी आहे: चोच कापायचं यंत्र. तापून लाल झालेलं पातं, त्यावर आठ-दहा दिवसांच्या पिल्लाची चोच धरायची, टोकाचा एक तृतीयांश भाग गेला. अंड्यांच्या मोठ्या फार्मवर हे सर्रास चालतं. हजारो पक्षी एका छपराखाली ठेवणाऱ्याची भीती मला समजते. टोचाटोची पेटली तर त्याचं कंबरडं मोडतं. पण चोचीचं टोक निर्जीव नाही. एडिंबरोला मायकेल जेंटल आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवलं, की ते मज्जातंतूंनी भरलेलं असतं आणि कापल्यानंतर तुटलेल्या तंतूंच्या गाठी होतात. नॉर्वेनं १९७४ सालीच चोच कापण्यावर बंदी घातली, नेदरलँड्समध्ये २०१८ पासून आहे. गच्चीत, अंगणात, पाड्यावर वीस-पंचवीस पिल्लं वाढवणाऱ्याला तर या पात्याची काहीच गरज नाही. पिल्लाचा हात कापण्याआधी त्या हाताला काम देऊन पाहावं.

काम देणं स्वस्त आहे. मंडईत संध्याकाळी कोबीची वरची पानं, मेथीच्या काड्या, पालकाची पिवळट पानं टाकून दिलेली असतात. स्वच्छ धुऊन त्यांची जुडी बांधायची आणि पिल्लांच्या मानेच्या जरा वर दोरीनं टांगायची. जमिनीवर टाकली तर तुडवली जाते. टांगली की हलते, आणि हलणाऱ्या गोष्टीवर पिल्लं तुटून पडतात. अगदी कोवळ्या पिल्लांना नको, आठवडा उलटल्यावर थोडी थोडी, सोबत बारीक खडी. तुसात मूठभर बाजरी पेरावी, म्हणजे दिवसभर उकरत बसतात. खाद्याची भांडी एकाच्या जागी दोन ठेवावी. दुबळ्या पिल्लाला दुसरीकडे खायला मिळतं. आणि जागा. पहिल्या तीन आठवड्यांत पिल्लामागे अर्धा चौरस फूट, नंतर दुप्पट. आठ पिल्लांना मिक्सरचं खोकं पहिला आठवडा कसंबसं पुरतं, पुढे नाही.

मुंबईचा पावसाळा बल्बची परीक्षा घेतो. जुलैत बोरिवली-मुलुंडकडे डोंगराच्या पायथ्याशी हवा इतकी दमट, की तूस वाळतच नाही. ओल्या तुसातून अमोनियाचा वास सुटतो, पिल्लांचे डोळे चुरचुरतात, ती कावरीबावरी होतात आणि एकमेकांवर चोच चालवतात. बल्ब खाली आणून तूस वाळवायचा मोह होतो. तो टाळावा, फार उकाड्यानंही टोचाटोची वाढते. ओलं तूस उचलून टाकायचं, पाण्याच्या भांड्याखाली वीट द्यायची, ताडपत्री पूर्ण न लावता वरची पट्टी हवेला मोकळी ठेवायची. आणि वीज गेली तर? आरेच्या जुन्या माणसांकडे कोळशाची शेगडी असायची, जाळी लावून, धूर बाहेर जाईल अशी. घरात कोळसा नको. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या तरी दोन-तीन तास निभतात.

मग दर आठवड्याला साखळीची एकेक कडी वर. छत्री वर चढते, उबेचं वर्तुळ पातळ होतं आणि पिल्लं त्याच्यापासून लांब राहू लागतात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात, अंगावर पिसं भरली आणि रात्र फार गार नसली, तर बल्ब बंद करता येतो. आधी दिवसा बंद ठेवायचा, मग रात्रीचे काही तास, मग पूर्ण. पहिल्या काळोख्या रात्री मात्र जागं राहावं. उजेडात वाढलेली पिल्लं अचानक अंधार झाला की घाबरून एका कोपऱ्यात ढीग करतात. कोपऱ्यांत आधीच पुठ्ठा वाकवून गोलाई द्यावी, दिवेलागणीलाच एकदा हात फिरवून पिल्लं विखरून बसवावी. बल्ब थंड झाल्यावर पुसावा, होल्डरची माती काढावी, वायर कुठे कुरतडली आहे का ते पाहावं. पुढची पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशीच तो पेटवून ठेवायचा असतो, कारण पिल्लं आत ठेवताना तूस तळापर्यंत गरम असलं पाहिजे.